बाटलीवरचा हिंदुस्थान

गावांची आणि देशांची नावे वस्तूंना चिकटतात आणि वस्तूंबरोबर जगभर हिंडून येतात, ही इतिहासातील मोठ्या मौजेची गोष्ट आहे. माझी आजी साखरेला ‘मोरस’ म्हणत असे. अंगणापुढे मैलभर ऊस डुलत असताना ती बाई साखरेला मॉरिशस बेटाचे नाव देत होती. कारण पांढरी दाणेदार साखर आपल्याकडे प्रथम त्या बेटावरून आली आणि बेटाचे नाव घेऊनच आली. कोकणचा राजा जो हापूस, त्याच्या नावात आफोन्सो हा पोर्तुगीज लपलेला आहे. आणि कोल्हापुरी वहाण म्हणून पुण्या-मुंबईची मंडळी जी हौसेने पायात घालतात, ती शिवणारे हात पुष्कळदा अथणीचे किंवा निपाणीचे असतात. नाव एकाचे, माल दुसऱ्याचा आणि पैसा तिसऱ्याचा, असा हा व्यवहार असतो.

या सर्व नावांत मला अत्यंत नवलाचे वाटते ते एका पेयाचे नाव. दिवाळीच्या अंकात या पेयाचा उल्लेख पाहून घरातील वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावू नयेत. मी स्वतः पानसुपारीच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. माझा एक जुना विद्यार्थी इंजिनिअर होऊन जपानात नोकरीला आहे. दर दिवाळीला तो न चुकता पत्र धाडतो. गेल्या वर्षीच्या पत्रासोबत त्याने एका डब्याचे छायाचित्र पाठविले. तिकडच्या एका लहानशा कारखान्यात गाळलेल्या बीअरचा तो डबा. त्यावर जपानी अक्षरे, उगवता सूर्य, आणि मधोमध ठळक इंग्रजीत ‘इंडिया’! पत्रात त्याने लिहिले होते : “गुरुजी, ही बीअर कडू आहे, कडक आहे, आणि फळ एकही घातलेले नसताना तिला पिकल्या आंब्याचा वास येतो. इकडे तिचे फार कौतुक आहे. पण हिच्याशी आपल्या देशाचा काय संबंध? आपण शाळेत हे शिकविले नाहीत.” प्रश्न डब्यातील पदार्थाचा नव्हता, डब्यावरील नावाचा होता, आणि नावे हा आम्हा इतिहास शिकविणाऱ्यांचाच प्रांत.

तेव्हा आधी वस्तू पाहू, मग नाव.

बीअर म्हणजे काय हे आपल्या माजघरातील भाषेतही सांगता येईल. नाचणीचे सत्त्व करताना घरची बाई नाचणी भिजविते, फडक्यात बांधून मोड आणते, वाळविते आणि दळते. सातूचे असेच मोड आणून भट्टीत सुकविले की बीअरचा कच्चा माल तयार होतो. मोड आल्याने धान्यातील पिठूळपणाची गोडी होते. ती गोडी गरम पाण्यात उतरवितात, ते पाणी उकळतात, निववितात आणि त्यात यीस्ट घालून आंबवितात. पण नुसते एवढेच केले तर पेय मिळमिळीत गोड लागते आणि लवकर नासते. म्हणून उकळताना त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले टाकतात. ही वेल भांगेच्या कुळातील. फुले हिरवट, खवल्याखवल्यांची. त्यांचे काम तीन प्रकारचे. ती कडूपणा देतात, नासविणाऱ्या जंतूंना आवर घालतात आणि वास देतात. आंब्याच्या वासाचे कोडेही इथेच सुटते. हॉपच्या तेलात मायर्सीन नावाचे जे द्रव्य असते, तेच आंब्यातही असते. फळ न घालता फळाचा भास होतो तो अशा द्रव्यांमुळे.

आता नावाकडे वळू. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लंडनजवळच्या ब्लॅकवॉल गोदीतून निघत. हिंदुस्थानातून कापड, मिरी, नीळ, रेशीम भरभरून जाई. पण इकडे येताना जहाजात जागा रिकामी राही. त्यामुळे येण्याचे भाडे स्वस्त पडे. शिवाय जहाजाच्या कप्तानाला स्वतःचा थोडा व्यापार करण्याची मुभा असे. गोदीपासून जवळच बो या भागात १७५२ पासून जॉर्ज हॉजसन याची ब्रुअरी चालू होती. त्याने कप्तानांना बारा-बारा, अठरा-अठरा महिन्यांच्या उधारीवर माल द्यायला सुरुवात केली. माल विकून परत या, मग पैसे द्या! आमच्या बाजारपेठेतील कोणत्याही अडत्याला या युक्तीचे मर्म चटकन कळेल. उत्तम मालाने बाजार जिंकतो तसा तो लांब उधारीनेही जिंकतो.

या मालात एक फिकट रंगाची, हॉप सढळ हाताने घातलेली एल असे. एल ही बीअरचीच एक जात. जहाज आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार-सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्ता गाठी. उष्णता आणि लाटांचे हेलकावे यांत ती पिंपे मुरत जात आणि इकडे उघडली तेव्हा पेय अधिक स्वच्छ, अधिक चवदार झालेले आढळे. लोणचे बरणीत मुरावे तसाच हा प्रकार.

यावरून पुढे एक सुरस कथा तयार झाली. हिंदुस्थानात बीअर नासून पोचत असे, म्हणून हॉजसनने बुद्धी लढवून खास कडक आणि खास कडू अशी नवी बीअर शोधून काढली, ही ती कथा. अनेक पुस्तकांतून ती छापली गेली आहे. पण इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाही. पोर्टर नावाची काळी बीअरही त्याच जहाजांतून सुखरूप येत होती, आणि गोऱ्या शिपायांसाठी ती मोठ्या प्रमाणावर आणली जात होती. हॉजसनच्या जन्मापूर्वीपासून इंग्लंडात फिकट एल होत होती. गरम मुलुखात धाडायच्या मालात हॉप अधिक टाकावे हेही ब्रुअरना माहीत होते. आणि त्या काळच्या मानाने ही एल विशेष कडक मुळीच नव्हती. १७८४ साली कलकत्त्याच्या वृत्तपत्रात लंडनच्या पेल एलची जाहिरात आढळते. नवा शोध कोणी लावला नाही. चालू मालाला नवे गिऱ्हाईक मिळाले, एवढेच.

हे गिऱ्हाईक कोण, हेही पाहिले पाहिजे. साहेबांत देखील वर्णव्यवस्था होती. शिपाई पोर्टर पिई आणि अंमलदार, कारकून, व्यापारी पेल एल पीत. १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशव्यांचा पराभव झाला, मराठी मुलूख इंग्रजांच्या हाती गेला आणि पुण्याभोवती छावण्या पडल्या; तेव्हा घाट चढून येणाऱ्या सामानात या बाटल्याही आल्या. उन्हाळ्यात पेय थंड करावयाचे तर बर्फ कुठला? त्यासाठी साहेबाच्या घरी ‘आबदार’ नावाचा खास नोकर असे. सोरा विरघळविलेल्या पाण्यात बाटली फिरवीत बसणे हा त्याचा धंदा. पुढे १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास उतरविला, पाठोपाठ तो मुंबईसही आला, आणि आबदाराची विद्या मातीमोल झाली. चवीचा इतिहास लिहिणारे हॉजसनचे नाव लिहितात. उन्हात घाम गाळीत दुसऱ्याची बाटली थंड करणाऱ्या त्या माणसाचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही.

हॉजसनच्या वारसांना मात्र लोभाने घेरले. १८२० नंतर त्यांनी कप्तानांना बाजूला सारून सारा व्यापार आपल्याच मुठीत घ्यायचे ठरविले. भाव वाढविले, उधारी आखडली. तेव्हा कंपनीचा एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स याने १८२२ साली बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला बोलावून हॉजसनच्या बीअरची बाटली त्याच्यापुढे ठेवली. बर्टनची बीअर तोवर रशियाला जात असे. पण तिकडे भारी जकात बसल्याने त्या गावाचे हाल चालले होते. ऑलसॉपने ती बाटली गावी नेली, आणि त्याच्या जोब गुडहेड नावाच्या माणसाने पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत शिजविला! बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त, जड. त्या पाण्यात हॉपचा कडूपणा अधिक खुलून येतो. थोड्याच वर्षांत ऑलसॉप आणि बास या बर्टनच्या घराण्यांनी हॉजसनला हिंदुस्थानच्या बाजारातून उठविले. या बासचा तांबडा त्रिकोण १८७६ साली इंग्लंडात नोंदला गेलेला पहिला व्यापारी शिक्का ठरला.

पण या सर्व काळात हिंदुस्थानात या पेयाला ‘इंडिया’ म्हणण्याचे कारण नव्हते. इथल्या दुकानात ती नुसती पेल एल, किंवा हॉजसनची बीअर. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ ही अक्षरे छापून आलेली आढळतात ती १८२९ साली सिडनीच्या वृत्तपत्रात, आणि १८३५ साली लिव्हरपूलच्या जाहिरातीत. म्हणजे जे हिंदुस्थानात नव्हते, त्यांना माल विकण्यासाठी हिंदुस्थानचे नाव वापरले गेले. हिंदुस्थानातील गोरे लोक जी पितात ती ही बीअर, एवढी प्रतिष्ठा गिऱ्हाइकाला पुरेशी होती. सातू तिकडचा, हॉप तिकडचे, पाणी बर्टनचे, नफा लंडनचा. आमचे होते ते नाव.

नाव आमचे होते, आणि आणखी एक गोष्ट आमची होती : कर. इथे ही कथा मौजेची राहत नाही.

साहेब आपली बाटली मागवीत असताना इथल्या रयतेचे पिणे सरकारच्या उत्पन्नाचे साधन बनत होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेले. ताडामाडाच्या झाडांवर झाडागणिक कर बसला. कोकणच्या भंडाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या झाडावर पोट भरले, त्या झाडाला आता सरकारी आकडा लागला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले परवान्यावाचून साठविणे गुन्हा ठरले. ज्या आदिवासींचे ते टंचाईतील अन्नही होते, त्यांच्याच दारी पडलेली फुले त्यांना वेचून ठेवता येईनात. घरगुती गाळणे बंद आणि सरकारमान्य दुकान सुरू, असा हा न्याय. पिणे कमी व्हावे हा त्यामागचा हेतू नव्हता. तिजोरी भरावी हा होता.

महात्मा फुल्यांना हे दिसले. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढविण्यास लेखी विरोध नोंदविला. १९०८ साली लोकमान्यांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन केले, आणि सरकारला ते मुळीच रुचले नाही. दुकान ओस पडणे म्हणजे खजिना ओस पडणे होते. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या खालोखाल उत्पन्न होते ते अबकारीचेच.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीवर येतो. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांतील काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिली. त्यांत शिक्षण होते आणि अबकारीही होती. शाळा काढावयाच्या तर पैसा हवा, आणि हाताशी वाढते उत्पन्न ते दारूचे. मंत्र्याने एका हाताने दुकान चालवावे आणि दुसऱ्या हाताने शाळा, अशी ती रचना. बापाच्या पेल्यातून मुलाची पाटी! १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा महात्मा गांधींनी या क्रूर विसंगतीवर बोट ठेवले. दारूबंदी केली तर शाळांना पैसा कुठून आणणार, या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले त्यातूनच वर्ध्याची मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली. शाळेने आपल्या कताई-विणाईवर उभे राहावे, पण दारूच्या पैशावर राहू नये. योजना पुरती यशस्वी झाली नाही हे खरे. पण तिच्या मुळाशी कोणती लाज होती, हे आम्हा शिक्षकांनी विसरता कामा नये.

आमच्या कागलकरांना या संदर्भात एक अभिमान बाळगता येईल. इथल्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव पुढे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि राजर्षी शाहू महाराज झाले. त्यांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळेचा खर्च हा उपकार नसून राज्याचे कर्तव्य आहे, हे एका राजाने कायद्याने मान्य केले.

पुढचा भाग वाचकांना परिचित आहे. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी पुकारली गेली. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते, त्यामुळे आम्हीही त्या कायद्याखाली आलो. बाटली गेली आणि हातभट्टी आली. उसाच्या मुलुखात गुळाला काय तोटा? नासका गूळ आणि नवसागर यांनी किती संसार जाळले त्याची मोजदाद नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने हा कायदा सैल केला.

त्या बाटलीचे मात्र काय झाले? विसावे शतक उजाडेपर्यंत हिंदुस्थानातील गोऱ्यांनाही थंड, हलकी जर्मन धर्तीची बीअर आवडू लागली होती. डोंगरी थंडीत इथेच ब्रुअऱ्या निघाल्या. कसौलीची ब्रुअरी एडवर्ड डायरची. जालियनवाला बागेत गोळ्या झाडविणारा जनरल डायर तो याचाच मुलगा. मीकिनने ती विकत घेतली आणि आणखी काढल्या, त्यांतील एक आपल्या खडकीस होती. कडू पेल एलचे नाव तेवढे इंग्लंडात उरले, आणि त्या नावाखालचा मालही पातळ होत गेला.

तिला पुन्हा जीव आला तो अमेरिकेत. १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जुन्या ब्रुअरीने तिकडच्या ‘कॅस्केड’ हॉपची सुवासिक एल काढली. हौशी लोकांची पाहता पाहता चळवळ झाली आणि कडूपणाची चढाओढ लागली. जुन्या एलपेक्षा कितीतरी कडक आणि सुगंधी असे तिचे नवे रूप तेव्हाचे. जपानात १९९४ पर्यंत वर्षाला वीस लाख लिटर बीअर काढणाऱ्यालाच परवाना मिळे. त्या साली ती अट साठ हजार लिटरवर आली आणि गावोगाव लहान कारखाने निघाले. आमच्याकडे साखर कारखान्यापुढे गुऱ्हाळ टिकावे कसे, हा जो प्रश्न आहे, तोच तो. काहिलीतील रसाचा रंग आणि तार पाहून गूळ आला की नाही हे सांगणारा गुळव्या मी लहानपणापासून पाहिला आहे. तेव्हा त्या जपानी कारागिराच्या हातातील कसब मला परके वाटत नाही. मौज अशी की, लिंबाचा वास देणारी ‘सोराची एस’ ही हॉपची जात १९८४ साली जपानच्या सपोरो कंपनीने काढली, पण तिला मोठे नाव मिळाले ते अमेरिकेत. वस्तूला मान मिळविण्यासाठी परदेशी जावे लागते, हा नियम जपानलाही चुकला नाही.

आणि मग ती बीअर फिरून आमच्या दारी आली. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ नावाची लहान ब्रुअरी निघाली. हा शब्द इंग्रजी कोशात सापडतो, अर्थ ‘वेडा’. पण तो मुळात इंग्रजी नव्हेच. तो आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश! मायदेशी जाण्यासाठी जहाजाची वाट पाहणारे गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने कुजत, कंटाळ्याने आणि तापाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून गावाचे नाव वेडाला पडले, विलायतेला गेले, आणि शंभराहून अधिक वर्षांनी एका मराठी शहरात दुकानाची पाटी होऊन परतले. आज पुण्या-मुंबईत अशी अनेक दुकाने आहेत, आणि त्यांच्या फळ्यांवर ‘इंडिया पेल एल’ हे नाव खडूने लिहिलेले असते. आता ती गाळणारेही हिंदी आणि पिणारेही हिंदी. नावाप्रमाणे माल व्हायला दोनशे वर्षे लागली, असे कोणी म्हणेल.

म्हणोत बापडे. कारागिरीचे कौतुक करण्यास माझी ना नाही. पण मी गावातील शिक्षक आहे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वर्गात कोणती बाके रिकामी असतात आणि का असतात, हे हजेरीपट न उघडताही मला सांगता येते. ज्याच्या घरी पगार पोचण्यापूर्वी वाटेतच आटतो, त्या पोराला कॅस्केड आणि सोराची यांतील भेद सांगून काय उपयोग? दारूवरील कर आजही राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आहे, आणि त्याच तिजोरीतून माझ्यासारख्याचे वेतन निघते. एकोणिसशे सदतीसचा प्रश्न जुना झालेला नाही. त्याचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे.

म्हणून या दीर्घ प्रवासातील मला सर्वांत मोलाची बाटली वाटते ती काचेची नव्हे; ती कागदावरची आहे. गावातील दारूचे दुकान बंद व्हावे असे बायकांना वाटले, तर महाराष्ट्रात त्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : एक उभी बाटली, एक आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मतदार बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान उठते. कित्येक गावांतून ते उठले आहे. लंडनच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानला न विचारता त्याचे नाव बाटलीवर लिहिले. आता बाटलीचे चित्र आपल्या पुढ्यात येते आणि तिचे काय करावयाचे हे नऊवारी नेसलेली, सही करण्यापुरती शिकलेली एखादी म्हातारी ठरविते. तिला इंडिया पेल एलचा इतिहास ठाऊक नसतो. पण त्या इतिहासात आजवर जिला कोणी विचारले नव्हते, ती हीच; आणि तिच्या हाती शिक्का पडला, हे त्या इतिहासाचे सर्वांत नवे पान आहे.